दातांच्या तारा काढल्यावर रिटेनर किती दिवस घालावा लागतो?

मुलीच्या तारा निघून दोनच महिने झाले आणि तिला रिटेनरचा, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा, कंटाळा आलाय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आत्ता सोडू देऊ नका.

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. तारांच्या दाबाने एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं, आणि ते पक्कं व्हायला काही महिने जातात. हिरड्यांमधले लवचिक तंतू तर वर्षभरही दाताला जुन्या जागी खेचत राहतात. फिरलेला दात सरळ केला असेल तर ही ओढ आणखी जास्त.

म्हणून बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) पहिले काही महिने जेवण आणि ब्रश सोडून पूर्ण वेळ, नंतर फक्त रात्री घालायला सांगतात. रात्रीचा मात्र वर्षानुवर्षं चालू ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांची दाटी सहसा वाढतेच, कधीच तारा न लावलेल्यांचीसुद्धा.

तिला खरंच जमत नसेल तर दातांच्या मागे चिकटवायच्या बारीक तारेबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि हो, रिटेनर गरम पाण्यात धुवू नका, आकार बिघडतो.