इंटरप्ट : व्यत्यय की वर्दी?

ऑपरेटिंग सिस्टिमवरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'कर्नलमध्ये हार्डवेअर व्यत्ययांचे संरूपण करणे' हे वाक्य चालेल का? (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, आणि संरूपण म्हणजे कॉन्फिगर करणे.) आणि इंटरप्ट 'मास्क' करण्याला, म्हणजे तो तात्पुरता रोखून धरण्याला, 'मुखवटा चढवणे' म्हणावं का?

मुखवटा नको, एवढं आधीच सांगून टाकतो. बाकीचं जरा सावकाश.

'व्यत्यय' संस्कृतात उलटापालट, अदलाबदल या अर्थाचा. पाणिनीचं 'व्यत्ययो बहुलम्' (३.१.८५) हे सूत्र वैदिक भाषेतल्या प्रत्ययांच्या अदलाबदलीबद्दल आहे. मराठीत मात्र शब्द घरंगळत 'नको असलेला खंड' या अर्थावर येऊन स्थिरावला. वीजपुरवठ्यात व्यत्यय येतो, कार्यक्रमात येतो, आणि त्याच्या मागोमाग 'क्षमस्व' ठरलेलं. कर्नलमधल्या इंटरप्टबद्दल कुणी क्षमा मागत नाही. तिथे धास्ती असते ती तो न येण्याची.

कारण तो मागवलेला असतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, कामाला लागताना 'रिक्वेस्ट_आयआरक्यू' हे फंक्शन बोलावतो : अमुक क्रमांकाच्या लाइनवर (उपकरणाचा इशारा आणणाऱ्या तारेवर) काही आलं की माझं हे फंक्शन चालव. नावातच विनंती आहे. मग डिस्कचं वाचून झालं, कुणी की दाबली, नेटवर्क कार्डावर पॅकेट उतरलं, की प्रोसेसरला कळवलं जातं. ही सोय नसेल तर त्याला प्रत्येक उपकरणाकडे 'आलं का, आलं का' करत फिरावं लागतं, तेच पोलिंग.

म्हणून अर्थ समजावताना मी 'वर्दी' म्हणेन. पाहुणे आल्याची वर्दी, पोलिसांना दिलेली वर्दी : कुणीतरी येऊन कळवलं, आता पुढचं तुम्ही बघा. हिंदीतून आलेला गणवेशाचा अर्थ आणि शाळेच्या रिक्षावाल्यांची वर्दी हे दोन्ही कर्नलच्या आसपास फिरकत नाहीत, तेव्हा घोटाळ्याची भीती नाही. व्यत्ययाची बाजूही अगदीच लंगडी नाही, हे मान्य. पॅकेटांचा लोंढा आला की प्रत्येकासाठी हातातलं काम टाकून धावणं परवडत नाही. तेव्हा लिनक्स पहिली वर्दी घेतो, त्या कार्डाच्या पुढच्या वर्द्या बंद ठेवतो आणि स्वतःच पॅकेटं उचलत बसतो. त्या घटकेला इंटरप्ट खरोखरच व्यत्यय असतो. पण अपवादावरून नाव ठेवत नाहीत. शीर्षकात, कोडच्या वर्णनात सरळ 'इंटरप्ट' लिहा; काम करणारी माणसं तेच बोलतात.

आता 'संरूपण'. हा शब्द वाचून वाचकाला नेमकं काय करायचंय ते कळत नाही, ही माझी मुख्य तक्रार. कॉन्फिगर करणे म्हणजे इथे कोणकोणती कामं, ते बघा. जुन्या पीसीचं उदाहरण घेऊ. १९८४च्या पीसी-एटीमध्ये उपकरणांचे इंटरप्ट गोळा करून प्रोसेसरपर्यंत पोचवणाऱ्या, ८२५९ जातीच्या दोन चिपा होत्या. प्रत्येकीला आठ लाइनी. दुसरी चिप पहिलीच्या एका लाइनीवर जोडलेली, म्हणून वापरायला उरल्या पंधरा. शून्य क्रमांकावर टायमर, एकवर कीबोर्ड. इंटेलने पहिले ३२ व्हेक्टर (प्रोसेसर इंटरप्ट ओळखतो ते क्रमांक) प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवले होते, पण आयबीएमच्या बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, पहिल्या चिपेच्या आठ लाइनी ८ ते १५ वर बसवल्या. ८ क्रमांकाचा व्हेक्टर प्रोसेसरच्या 'प्रोटेक्टेड मोड' या अवस्थेत 'डबल फॉल्ट'चा, म्हणजे एक चूक निस्तरताना झालेल्या दुसऱ्या चुकीचा. म्हणजे टायमरचा साधा ठोका, जो सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडतो, कर्नलला डबल फॉल्टसारखा दिसणार! म्हणून नवा कर्नल लिहिणारा आधी या लाइनी ३२च्या पुढे हलवतो, मग टेबलात प्रत्येकीसमोर हँडलरचा (इंटरप्ट आल्यावर चालायच्या फंक्शनचा) पत्ता भरतो, आणि नंतरच प्रोसेसरला इंटरप्ट घ्यायची मुभा देतो.

हलवणे, पत्ता भरणे, मुभा देणे. यातलं 'संरूपण' नेमकं कोणतं? जिथे जे क्रियापद आहे ते लिहा. एकत्र म्हणायचंच असेल तर 'इंटरप्टची व्यवस्था लावणे' पुरे.

मास्कसाठी 'थोपवणे' घ्या. ८२५९च्या मास्क रजिस्टरमध्ये, म्हणजे कोणत्या लाइनी रोखायच्या ते नोंदवायच्या आठ बिटांच्या जागेत, ११११११०१ लिहिलं, तर उजवीकडून दुसऱ्या जागी शून्य आहे म्हणून फक्त कीबोर्डची लाइन खुली. एक असलेल्या बाकी सगळ्या थोपवलेल्या. 'नाकारणे' किंवा 'रद्द करणे' इथे चुकीचं ठरेल. प्रोसेसरने इंटरप्ट थोडा वेळ बंद ठेवले तर टायमरची वर्दी ताटकळते, आणि दार उघडताच आत येते. फार वेळ थोपवलं आणि तेवढ्यात टायमरचे दोन-तीन ठोके पडले, तर त्यांची मिळून एकच वर्दी लागते. त्यावरच वेळ मोजणारं घड्याळ मागे पडतं. आणि जो थोपवताच येत नाही त्या नॉन-मास्केबल इंटरप्टला 'न थोपणारा' म्हणायला काय हरकत आहे?

एक शब्द मात्र मराठीत आयता आहे : दखल. एका लाइनवर अनेक उपकरणं असतील तर प्रत्येक हँडलर 'हे माझं' किंवा 'माझं नाही' असं उत्तर देतो. लाखभर इंटरप्टांपैकी ९९,९००हून जास्त कुणाचेच निघाले नाहीत, तर लिनक्स 'नोबडी केअर्ड' असा संदेश छापून ती लाइनच बंद करतो. त्याचं 'कोणीही काळजी केली नाही' असं भाषांतर वाचलं तर कर्नल रुसलाय असं वाटेल. 'कुणीही दखल घेतली नाही' म्हणा.

राहता राहिलं लिंग-वचन. इंटरप्ट पुल्लिंगी चालवा : इंटरप्ट आला, दोन इंटरप्ट आले, 'दगड'सारखं. 'इंटरप्ट्स'मधला इंग्रजी स् नको. एकवचनात 'इंटरप्टचा' रूढ आहे, तिथे 'इंटरप्टाचा'चा आग्रह मी धरणार नाही. अनेकवचनात 'इंटरप्टांची रांग' कानाला खटकत नाही. लाइन स्त्रीलिंगी, हँडलर पुल्लिंगी.