शिकवलेला पोरगा बुटीबोरीला जातो तेव्हा

प्रश्न : नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातू कातण्याचं) युनिट आहे, माणसं 22. आयटीआयचे पोट्टे घेतो, वर्षभरात हात बसतो आणि दोन हजार जास्त मिळाले की ते बुटीबोरी एमआयडीसीत जातात. शिकवायचं तरी कशाला?

उत्तर : दोन हजार हे जाताना सांगायचं कारण. वर्षभरात तो तुमच्याकडे नेमकं काय शिकला, ते आधी बघा. बहुतेक शेडमध्ये नवा मुलगा जॉब (कातायचा तुकडा) मशीनला लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. इन्सर्ट, म्हणजे कातणारं पातं, झिजून जॉबचा बाहेरचा व्यास दोन-तीन शतांश मिलिमीटरने वाढला, हे त्याला मायक्रोमीटरवर दिसतं. पण ऑफसेटला, म्हणजे झिजेइतकी दुरुस्ती मशीनला देणाऱ्या आकड्याला, हात लावायची मुभा नाही, मशीन लावून देणाऱ्या सेटरला हाक मारायची. असं काम कुठेही मिळतं, मग तो चार पैसे जास्त देणाऱ्याकडेच जाणार.

पायऱ्या ठरवा : ऑपरेटर, झीज ओळखून स्वतः ऑफसेट देणारा, सेटिंग करणारा, प्रोग्राम लिहिणारा. प्रत्येक पायरीला चाचणी आणि लगेच पगारवाढ. दिवाळीची वाट बघायला लावू नका. पायऱ्या आणि पगाराचा तक्ता हजेरीच्या मशीनशेजारी लावा. 'आपला-परका' ही कुजबूज तिथेच थांबते.

शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती 30 माणसांपासून आहे, तुम्हाला ते ऐच्छिक. तरी घ्याच. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला कमाल 1500 रुपये, केंद्र सरकार उचलतं.

प्रश्न : प्रेस शॉपचे (पत्रा दाबून आकार देण्याच्या विभागाचे) फोरमन निवृत्तीला आलेत. डायचं, म्हणजे साच्याचं, सगळं त्यांच्या डोक्यात, पण नव्यांना शिकवत नाहीत.

उत्तर : का शिकवतील? शिकवताना उत्पादन घटलं की बोलणी त्यांनाच बसतात. ज्या शिफ्टला ते शिकवतील, तिचं टार्गेट कमी करा आणि तसं लेखी द्या. शिकवण्याचा भत्ता वेगळा. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलावणार असाल तर ते पत्र आजच हातात द्या. सगळं सांगून टाकलं की आपली गरज संपली, ही धास्ती मोठी असते. ट्रायआउटला, म्हणजे डायच्या चाचणीला, शिम (फट भरायची पातळ पट्टी) कुठे आणि किती घातली, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

प्रश्न : भंडारा-गोंदियाचे वेल्डर जुलैत धानाच्या रोवणीला गावी जातात. काय करावं?

उत्तर : जाऊ द्या. मेमध्येच तारखा मागा आणि आळीपाळीने सोडा. रजा मंजूर असलेला माणूस परत येतो. न सांगता गेलेला तोंड दाखवायला नको म्हणून दुसरीकडे लागतो.

प्रश्न : शिकाऊ पोरं जाऊ नयेत म्हणून त्यांचं मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतलं तर?

उत्तर : अजिबात नको. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर शिकाऊ उमेदवारीची मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन तुमच्यावर नाही आणि थांबण्याचं त्याच्यावर नाही. कागद अडवलात तर तो भांडून जाईल, आणि आयटीआयच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या शेडचं नाव संध्याकाळपर्यंत फिरेल.