वाचकांचे प्रश्न : ओसाड खाणीतल्या विटांच्या टाक्या

प्रश्न : वेल्समध्ये अँगलसी बेटावर पॅरिस पर्वताची जुनी तांब्याची खाण आहे. तिच्या फोटोंत विटांच्या उथळ टाक्या आणि गंजासारखा गाळ दिसतो. त्या टाक्या कशाच्या? मुलांना घेऊन तिथे जावे का?

उत्तर : खडक न फोडताही तिथे तांबे मिळे, ते या टाक्यांत. खाणीतल्या गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते आणि तांबे त्यात विरघळते. म्हणजे खाणीचे पाणी हे मोरचुदाचे पातळ द्रावणच. ते टाकीत घेऊन त्यात भंगार लोखंड टाकत. लोखंड विरघळे आणि तांबे गाळ होऊन बसे. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो या फवारणीच्या मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून तांबूस थर चढतो का, हे आपले बागायतदार पाहतात, क्रिया तीच. मोरचूद लोखंडी बादलीत विरघळवत नाहीत तेही म्हणूनच.

हिशेबाने 1 किलो तांब्याला सुमारे 880 ग्रॅम लोखंड पुरावे. प्रत्यक्षात जास्तच लागते, कारण पाण्यातले आम्लही लोखंड खाते. शिवाय तुकड्यांवर तांब्याची साय धरली की आतल्या लोखंडाला पाणी लागत नाही आणि काम थंडावते. म्हणून ते अधूनमधून ढवळून साय झाडावी लागे. मग पाणी सोडून गाळ ओढून काढत, वाळवत आणि भट्टीला पाठवत. उरलेले लोहयुक्त पाणी मोठ्या तळ्यांत साठवत. तिथे हवेने लोह गेरूच्या रूपात खाली बसे, आणि तो रंगासाठी विकला जाई. तुम्हाला फोटोत दिसला तो गाळ याच जातीचा. 1768 मध्ये इथे मोठा साठा सापडला आणि खाण भरभराटली. खोदकाम थांबल्यावरही टाक्यांचे काम विसाव्या शतकात चालू होते.

मुलांना जरूर न्या. खुणा केलेल्या पायवाटेवरून मोठा उघडा खड्डा आणि 1878 च्या पवनचक्कीचा बुरूज नीट पाहता येतो. खड्ड्याच्या कडेला मात्र मुलांचा हात सोडू नका, कडा ढासळतात. डबक्यांत हात घालू देऊ नका. पाणी लिंबाच्या रसाइतके आंबट असू शकते, त्यात जड धातूही असतात. बोगद्यांत शिरायचे नाही: आत प्राणवायू कमी असू शकतो आणि कुजलेल्या फळ्यांखाली खोल विहिरी असतात. रंगीत दगड उचलू नका, जागा संरक्षित आहे. आधी खाणीजवळच्या अम्लुख बंदरावरचे तांब्याचे प्रदर्शन पाहिलेत, तर डोंगरावरचे अवशेष ओळखू येतील.