जेवण झाले, तरी भूक शमत नाही

"जेवून हात धुते न धुते तोच पुन्हा काहीतरी खावेसे वाटते, माझ्या मनावर माझा ताबाच उरलेला नाही," असे सांगणाऱ्या अनेक व्यक्ती माझ्याकडे येतात. त्यांपैकी तिशीतल्या एका बाईंची हकिकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

त्यांच्या वहीत वेळ, पदार्थ आणि 'चूक' असे तीन रकाने आखलेले होते आणि तिसरा रकाना काठोकाठ भरलेला होता. वही चाळताना माझे लक्ष मात्र पहिल्या रकान्याकडे गेले. दुपारचे जेवण एक वाजता सुरू होई आणि 'चूक' सव्वाच्या सुमारास घडे. संगणकासमोर बसून त्या सात-आठ मिनिटांत जेवण उरकत असत.

पोट भरल्याची जाणीव एका ठिकाणी, एका क्षणी तयार होत नाही. जठर ताणले गेल्याची खबर व्हेगस मज्जातंतूवाटे मेंदूकडे लवकर पोहोचते, पण तेवढ्याने तृप्ती होत नाही. अन्नातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरली, की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. पित्ताशय आकुंचित करणारे द्रव्य म्हणून १९२८ मध्ये ओळखले गेलेले हे संप्रेरक दिल्यास उंदीर कमी खातात, हे १९७३ मध्ये दिसून आले. आतड्याच्या खालच्या भागातील पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची आणखी दोन संप्रेरके सोडतात, आणि पीवायवायचे रक्तातील प्रमाण तर जेवणानंतर एक-दोन तासांनी शिखर गाठते. जेवणापूर्वी वाढलेले, भूक चेतवणारे घ्रेलिनही जेवणानंतर हळूहळूच उतरते. आठ मिनिटांत ताट रिकामे झाले, तर शेवटचा घास घेताना यांतले बरेचसे निरोप मेंदूपर्यंत पोहोचलेले नसतात.

"मग माझ्यात ही संप्रेरके कमी आहेत का? रक्त तपासून घेऊ का?" असे त्यांनी विचारले. नेहमीच्या उपचारांत तृप्तीसाठी अशी तपासणी केली जात नाही. शरीरात तयार होणारे जीएलपी-१ काही मिनिटांतच विघटित होते. वजन कमी करण्यासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने त्याच्यासारखेच काम करतात, पण दीर्घकाळ टिकतात. ती घ्यावीत की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. त्यांच्याकडे मी त्यांना तसेही पाठवलेच, कारण मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि स्टिरॉइडसारखी काही औषधे यांमुळेही भूक वाढते. तेथे काही आढळले नाही.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. आदल्या वर्षी त्यांनी अतिशय कमी खाऊन वजन घटवले होते आणि ते पुन्हा वाढले होते. 'चूक' या शब्दाचे मूळ मला तेथे दिसले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कडक आहाराने वजन घटवलेल्यांच्या रक्तात वर्षभरानंतरही घ्रेलिन वाढलेले आणि तृप्तीची काही संप्रेरके घटलेली आढळली होती. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच तिसऱ्या रकान्यावर काट मारली.

'सावकाश जेवा' हा सल्ला फुकटचा असतो. सुट्टीच जेमतेम असेल तर माणूस सावकाश जेवणार कसा? म्हणून आम्ही आधी वेळेची सोय पाहिली. वरिष्ठांशी बोलून त्यांनी जेवणाची सुट्टी थोडी वाढवून घेतली, जेवताना संगणकाचा पडदा बंद ठेवला, ताटात प्रथिने आणि तंतुमय पदार्थ वाढवले, आणि पुन्हा खावेसे वाटल्यास वीस मिनिटे थांबून मग ठरवायचे, असे ठरले. थांबल्यावरही भूक असेल तर खायचे, तेही अपराधी न वाटता, ही अट मी मुद्दाम घातली. लपून, भराभर, खूप मोठ्या प्रमाणात खाणे आणि नंतर उलटी काढणे किंवा उपाशी राहणे असे काही असते, तर मी त्यांना खाण्याच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे पाठवले असते. तसे काही नव्हते.

दीडेक महिन्यात दुपारचे खाणे बरेच निवळले. रात्रीची ओढ मात्र कायम आहे, विशेषतः झोप अपुरी झालेल्या दिवशी. अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे सध्या आमचे बोलणे त्यांच्या झोपेवर चालले आहे.