जांभा दगड अग्निजन्य, गाळाचा की रूपांतरित?

मुलीच्या परीक्षेसाठी तुम्ही हे विचारलंत. तर, तिन्हींपैकी कुठलाच नाही. तुमच्या मुलीच्या पुस्तकात तीनच चौकटी आहेत, हा जांभ्याचा दोष नव्हे. मला हे विहिरीत कळलं.

आमचं घर गोव्यात, डिचोलीकडे. 1994 साली परसात विहीर काढली तेव्हा मी अकरावीत होतो आणि रोज संध्याकाळी आत उतरायचो. वरचे वीसेक फूट नुसता चिरा, म्हणजे आमच्याकडे जांभाच, तांबडा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. त्याखाली शेडी लागली. पांढरी-गुलाबी, बोटांत चुरली की साबणासारखी. गडी वैतागले, कारण शेडी ढासळते. त्याच्याही खाली एके दिवशी पहार खणकन वाजली आणि काळसर, पापुद्रे सुटणारा दगड लागला. त्या दगडात तिरक्या रेघा होत्या. वर बघितलं तर त्याच रेघा, त्याच तिरकेपणानं, शेडीतही चढत गेलेल्या! म्हणजे शेडी कुठून वाहून आलेली नव्हती, तो खालचाच दगड जागच्या जागी कुजलेला होता. आणि वरचा चिरा म्हणजे त्या कुजण्याचं पुढचं टोक.

आपल्याकडे चार महिने शंभर इंचांवर पाऊस आणि मग कडक ऊन. पाणी दगडातला चुना, सोडा, पोटॅश, बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन नेतं. उरतं ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, तेही गंजलेलं. तोच जांभा. खालचा दगड कुठलाही चालतो. घाटमाथ्यावर सुर्ल्याच्या बाजूला तो बेसॉल्ट आहे, म्हणजे लाव्हा. आमच्या विहिरीतला मुळात समुद्रातला गाळ, मग दाबाखाली रूपांतरित झालेला, आणि आता पावसानं त्याचा चिरा केलेला. एका खड्ड्यात इतके जन्म असताना एका चौकटीत टिक कशी करायची? फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरनं केरळातल्या अंगाडिपुरमचा हा दगड पाहून 1807 सालच्या पुस्तकात त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं तेही लॅटिनमधल्या विटेवरून, कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते.

आता आमच्या दादाची गोष्ट. दगड एकदा झाला की झाला, असं मानणारा तो माणूस. जांभा तसा नसतो. खाणीत असताना ओला आणि नरम, हवा लागली की लोह घट्ट धरतं आणि तो कडक होतो. म्हणून जुने मिस्त्री चिरे दोन-तीन महिने उघड्यावर वाळवून मगच लावायचे. दादानं चिरेखाणीवरून ट्रक आणला आणि चौथ्या दिवशी भिंत चढवायला घेतली. वर गिलावा नको म्हणाला, ‘नॅचरल लूक’ पाहिजे. मी बोललो तर भर जेवणात ऐकवलं, “जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्चला कुठं गिलावा आहे? चारशे वर्षं उभं आहे ना?”

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतो. बॉम जेझसला गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला चिरा पाऊस खातोय म्हणून लोक ओरडताहेत. समोरचं कोरीवकाम टिकलंय कारण तो वसईहून आणलेला बेसॉल्ट आहे. शेजारचं से कॅथेड्रल बघा, चुन्यानं पांढरंफेक. बांधणाऱ्यांना जांभा काय चीज आहे ते ठाऊक होतं.

दादाच्या भिंतीचा खालचा थर तिसऱ्या पावसाळ्यात भुगा व्हायला लागला. वहिनी रोज सकाळी तांबडी रेव झाडून काढते. तर तुम्ही घर बांधणार असाल तर चिरा वाळवा, पायाजवळ पाणी तुंबू देऊ नका आणि पांढरी शेडी दिसणारा चिरा परत पाठवा.

हां, मुलीचं राहिलंच. परीक्षेत बाईंनी जे शिकवलंय तेच लिहू दे, मार्क कशाला घालवायचे. खाली टीप म्हणून ‘विदारणातून बनलेला अवशिष्ट खडक’ एवढं लिहिलं तर चुकणार नाही. आणि सगळा जांभा जागच्या जागी बनतो असंही नाही. उताराच्या पायथ्याशी वरून घरंगळून आलेले तुकडे लोहानं पुन्हा चिकटून झालेला जांभाही असतो, त्याला गाळाचा म्हटलं तर मी भांडणार नाही. उघड्या चिऱ्याच्या जुन्या भिंती चांगल्या उभ्या आहेत, त्याही मी पाहिल्या आहेत. पण त्यांचा चिरा वाळलेला होता आणि वर छपराची पागोळी दोन हात पुढे होती.

गेल्या चवथीला दादानं शेवटी गिलावा केला. सिमेंटचा. चुन्याचा करायला हवा होता, पण ते आता पुढच्या चवथीला.