सगळी वयं एकदम नकोत

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. मुलगा आता बालवाडीत जायला लागलाय, म्हणून लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढायचा विचार आहे. घराजवळ १२ हजार भाड्याचा गाळा मिळतोय, डिपॉझिट तीन महिन्यांचं. हाताशी ३ लाख आहेत. दीर म्हणतात, चौदा वर्षांपर्यंतचं सगळं ठेव, गिऱ्हाईक परत जायला नको. माल सुरतेहून आणावा का? आणि उद्घाटनाला किती सूट द्यावी?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दीर काळजीपोटीच सांगतायत, पण ३ लाखांत ते जमणार नाही. कागद घे आणि मांडून बघ. होलसेलला माल सुटा मिळत नाही, सेटवर मिळतो, म्हणजे २०-२२-२४-२६ अशी मापं एकत्र. सोळापासून अडतीसपर्यंत बारा मापं झाली. प्रत्येक मापात मुलींचे १५ आणि मुलांचे १५ नग ठेवलेस तरी ३६० नग होतात. सरासरी खरेदी २५० रुपये धर, ९० हजार गेले. एवढं करून चोवीस नंबरचा फ्रॉक मागणाऱ्या बाईपुढे तू पंधराच फ्रॉक टाकणार. ती सरळ राजवाड्याच्या बाजारात जाईल. पुढे सेट तुटतात. मधली मापं आधी उठतात, कडेची पडून राहतात, आणि पैसा त्यांच्यात अडकतो. लहान मुलांची दुकानं बसतात ती बहुतेक इथेच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं जीव तोडून सांगते.

हेच ३६० नग दोन वर्षांपर्यंतच्या चार मापांत ठेव : ०-३, ३-६, ६-१२ आणि १२-२४ महिने. सरासरी ९० नग एका मापात. दुकान भरलेलं दिसेल. त्यातही ०-३ कमी घे, कारण बारशाला येणारे मोठंच माप उचलतात. जन्मतः साधारण ५० सेंटिमीटरचं बाळ वर्षात ७५च्या आसपास जातं, त्यामुळे एकदा विश्वास बसला की तीच आई दोन वर्षांत पुन्हा पुन्हा येते. बाळाचा जन्ममहिना वहीत लिहून ठेवत जा.

आपल्याकडे जे लागतं ते मोठ्या दुकानांत मिळत नाही, तिकडे लक्ष दे. बारशाची कुंची, टोपडं, दुपटं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात, त्याला काळं झबलं हवंच. आणि इथले होलसेलवाले तान्ह्या बाळासाठी काळा रंग फारसा ठेवत नाहीत. मी दिवाळी झाली की काळं सुती कापड घेते, धुऊन मगच शिवायला देते. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघते. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही. लोकमान्यनगरात किंवा तुमच्याकडेच हलव्याचे दागिने करणारी एखादी मावशी सापडेल. तिचे दागिने आणि तुझं झबलं शेजारी शेजारी मांड.

सुरतेला जायची गरज नाही. लहान मुलांचे कपडे इंदुरातच भरपूर शिवले जातात, आधी परदेशीपुऱ्याचं रेडीमेड कॉम्प्लेक्स फिरून ये. माल जवळून घेतला की दर पंधरवड्याला थोडा थोडा उचलता येतो. घेताना नग उलटा कर. माझ्या दुकानात येणाऱ्या आज्या हेच करतात : आतली शिवण स्वतःच्या गालावरून फिरवतात, गळा दोन्ही हातांनी ताणून डोकं जाईल का पाहतात, टिचबटण ओढतात. शिवण टोचली तर तक्रार करत नाहीत, झबलं खाली ठेवतात आणि निघतात. गळ्याला नाडी असलेला नग कितीही गोड दिसला तरी घेऊ नकोस, बाळाच्या जिवाला धोका असतो.

आता सवलतीचं. २००चा नग ३००ला विकलास तर १०० सुटतात. १२ हजार भाड्यासाठीच महिन्याला १२० नग जायला हवेत, रोजचे चार. वीस टक्के सूट दिलीस की हातात २४० येतात, सुटतात फक्त ४०. त्याच भाड्याला ३०० नग लागतील. म्हणून उद्घाटनाला सूट नको. पेढा दे, आणि माप बदलून द्यायची हमी दे. भेट आलेला कपडा लहान झाला, तर ती आई बदलायला येते आणि तुझं दुकान बघून जाते.

गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंदणी, आधी काढ. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण फोटो बघून पुण्या-बडोद्याच्या कोणी मागवलं आणि तू माल राज्याबाहेर पाठवलास, तर नोंदणी लागते. उधारी नात्यातही नको.

पैशांचं असं कर : ३६ हजार डिपॉझिट, ९० हजारांचा माल, रॅक-काउंटर-पाटी ६० हजारांच्या आत. सहा महिन्यांचं भाडं, म्हणजे ७२ हजार, बँकेत वेगळं ठेव आणि विसरून जा. उरलेले ४२ हजार तुटलेली मापं भरायला आणि काळ्या झबल्यांना. आणि गाळ्याच्या करारावर सही करायच्या आधी, अकरा महिन्यांनी भाडं किती वाढणार तो आकडा मालकाकडून त्यातच लिहून घे.