भंगारवाला कागद मागत नाही, तीच तर काळजी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. त्यांनी 2011 साली घेतलेली सँट्रो, पेट्रोल, 62 हजार किलोमीटर झालेली, आमच्या दारात उभी आहे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी मीच चालवते. आठवड्यातून दोनदा देवळाली कॅम्पला बहिणीकडे जाते, वर्षातून एकदा वणीला. आता गाडीची 15 वर्षं भरत आली. मुलगा पुण्याहून सांगतो की 15 वर्षांनंतर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, सरकार सवलत देतंय तेवढ्यात नवी घे. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे सरकारने जुन्या गाडीला साडेचार हजार डॉलर दिले होते. शोरूमवाले एक्स्चेंज बोनस सांगतात. ओळखीचा एक भंगारवाला 22 हजार रोख द्यायला तयार आहे, तो तर कागदही मागत नाही. मी काय करावं?
— एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याने मला बेचैन केलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी 27 वर्षं वाहनविम्याचा सर्वेक्षक होतो. अपघाताच्या गाड्या पाहणं हे माझं काम, पण हा धडा मला घरातच मिळाला. माझ्या थोरल्या भावाने 2006 साली आपली जुनी व्हॅन एका भंगार दुकानात 14 हजारांना दिली. ‘कटिंगला जाणार, कागद कशाला?’ असं दुकानदार म्हणाला, आणि भावाने विश्वास ठेवला. व्हॅन कटिंगला गेलीच नाही. दुकानदाराने ती पुढे कुणाला तरी विकली, तो तिच्यातून भाजीपाला वाहायचा. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस भावाच्या घरी आली. एक सायकलस्वार जखमी झाला होता, व्हॅनला विमा नव्हता आणि आरसी बुकावर नाव माझ्या भावाचं. त्याने कोर्टाच्या खेपा सहा वर्षं घातल्या. वहिनी आजही पोस्टमनला पाहून दचकते.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरटीओच्या दप्तरात नाव बदललं नाही, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडेच मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्यामुळे त्या 22 हजारांना हात लावू नका.

आता मुलाच्या बोलण्याविषयी. तो काळजीने सांगतोय, पण दिल्लीचा नियम नाशिकला लावतोय. 10 वर्षांची डिझेल आणि 15 वर्षांची पेट्रोल गाडी हा निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून दिल्ली परिसरासाठी आला. केंद्राचं स्क्रॅप धोरण 13 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झालं, त्याच्या नावातच ‘ऐच्छिक’ हा शब्द आहे. खासगी गाडी फक्त वयामुळे मोडीत काढा, असं ते म्हणत नाही. 15 वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी मात्र 1 एप्रिल 2023 पासून पुन्हा होत नाही. बहुतेक ती बातमी ऐकूनच घरोघरी ही भीती शिरली असावी. तुमची एमएच 15, म्हणजे नाशिकच्या नोंदणीची गाडी, पेठरोडच्या आरटीओ कार्यालयात पासिंगला (तपासणीला) न्यायची, गाडी ठीक असली की नोंदणी आणखी 5 वर्षं मिळते. मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. फी पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 5 हजार झाली. 20 वर्षांपुढच्या गाडीला तर 2025 मध्ये 10 हजार केली. शिवाय पर्यावरण कर आहे, पीयूसी आहे. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर तिचे 745 रुपये आणि वर जीएसटी. मुदत उलटून गेल्यावर मात्र एक दिवसही गाडी बाहेर काढू नका. नोंदणी संपलेल्या गाडीचे दावे विमा कंपनीने नाकारलेले मी स्वतः पाहिले आहेत.

भाच्याचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. 2009 च्या मंदीत अमेरिकेने ती योजना जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम महिनाभर चालवली. साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर मिळत, पण ते मालकाच्या हातात येत नसत, नव्या गाडीच्या किमतीतून वजा होत. रक्कम ठरायची ती नवी गाडी जुनीपेक्षा किती जास्त मायलेज देते त्यावर. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून डीलरने तिच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ते कायमचं जाम करायचं, असा नियम होता. माझ्या भावाच्या व्हॅनच्या इंजिनात कुणी ते ओतलं असतं तर, असं मला ते वाचताना वाटलं होतं.

आपल्याकडे त्या द्रावणाचं काम एक प्रमाणपत्र करतं. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी जमा केली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. केंद्र गाडी चोरीची नाही ना हे पडताळतं, गाडी मोडल्याचा दाखला देतं आणि नोंदणी रद्द होते. तुमचं त्या गाडीशी कायद्याने असलेलं नातं तिथे संपतं. मला विचाराल तर या सगळ्या धोरणातली सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे.

सवलत किती, तेही मांडून पाहू. नवी पेट्रोल गाडी 7 लाखांची धरा. आपल्या राज्यात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर 11 टक्के, म्हणजे 77 हजार. जुन्या गाडीच्या प्रमाणपत्रावर या करात जास्तीत जास्त 25 टक्के सूट देता येईल, अशी कमाल मर्यादा केंद्राने घातली आहे. नेमका दर राज्याने त्याच्या आत ठरवायचा. म्हणजे पूर्ण 25 टक्के धरले तरी 19,250 रुपयांच्या वर काही नाही. नोंदणी शुल्क माफ होतं, पण कारचं हे शुल्क आहेच मुळी 600 रुपये. ऑगस्ट 2024 मध्ये कार कंपन्यांनी वर्षभरासाठी दीड टक्का किंवा 20 हजार, यातलं जे कमी असेल ते, सोडायचं मान्य केलं होतं. 7 लाखांवर ते साडेदहा हजार होतात. ही सूट आणि एक्स्चेंज बोनस दोन्ही एकदम मिळत नव्हते, कारण एक्स्चेंजमध्ये गाडी मोडीत निघत नाही, ती दुसऱ्याला विकली जाते. तिथेही फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून नाव बदलल्याची खात्री स्वतः करायची. भंगाराचा भाव स्क्रॅप केंद्र वजनकाट्यावर ठरवतं, आणि सँट्रोचं वजन साधारण साडेआठशे किलो.

शोरूममध्ये आणखी एक गल्लत होते. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झाला, आधी सेससकट 29 टक्के होता. हा फायदा मोठा आहे, पण तो जुनी गाडी न देताही मिळतो. तेव्हा कोटेशनमध्ये जीएसटी, करातली सूट, कंपनीची सूट आणि जुन्या गाडीची किंमत अशा चार वेगळ्या ओळी लिहून मागा.

या सगळ्याआधी एक काम आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. आरसी बुकावर अजून यजमानांचंच नाव आहे ना? मालक गेल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. दुःखात हे कुणाला सुचत नाही, मी समजू शकतो. पण ते झाल्याशिवाय पासिंग, स्क्रॅप, एक्स्चेंज सगळंच अडतं. मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा आणि वारसाचे कागद घेऊन फॉर्म 31 भरा. उशिराचा दंड पडेल, तो भरून मोकळ्या व्हा. पतपेढीचं कर्ज होतं का ते पाहा. फिटलं असलं तरी कागदावरचा बोजा अनेकदा उतरवलेला नसतो. विमाही तुमच्या नावावर घ्या. यजमानांचा ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वारस म्हणून तुम्हाला मिळू शकतो. पुढे कधी गाडी दिलीत तर त्याचं पत्र विमा कंपनीकडून घेऊन ठेवा, नव्या गाडीला ते 3 वर्षांपर्यंत चालतं. हप्त्यातली ही बचत कधी कधी सरकारच्या सवलतीएवढी होते, आणि बहुतेक लोक ती सोडून देतात.

माझं मत विचारलंत तर सांगतो. गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा आणि ब्रेकचे पाइप एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. पत्रा सडला नसेल तर पासिंग करा आणि गाडी वापरा. देवळाली कॅम्पच्या खेपांसाठी 62 हजार किलोमीटरची सँट्रो पुरेशी आहे. 30-40 हजार वाचतात म्हणून 7 लाख खर्च करू नयेत. चेसिस सडलेली निघाली, तर मात्र मोह न धरता नोंदणीकृत केंद्राकडेच द्या. नवी गाडी तुम्हाला घ्यायची नसली तरी प्रमाणपत्र वाया जात नाही, ते हस्तांतरित करता येतं. मुलगा पुण्यात गाडी घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडेल. फक्त त्याची मुदत पाहून ठेवा.

यजमानांच्या हातची गाडी आहे, ती देताना जीव तुटणारच. पण ती कुणा अनोळखी माणसाच्या हाती त्यांच्या नावानिशी रस्त्यावर फिरता कामा नये. भंगारवाल्याला आजच फोन करून नाही म्हणा, आणि येत्या सोमवारी मृत्यूचा दाखला घेऊन पेठरोडला जा.